उतरत्या छताच्या बाथरूममध्ये एक्झॉस्ट फॅन नेमका कुठे बसवायचा

एक्झॉस्टच्या कामाला गेलो की माझ्या पिशवीतून ड्रिलच्या आधी धुपाची कांडी निघते. घरातल्या मावशी विचारतात, "अरे, तू भोक पाडायला आलास ना?" मी म्हणतो, "कुठे पाडायचं ते हा धूर सांगेल. तोवर दोन बादल्या कढत पाणी तेवढं द्या."

देवरुखच्या आसपास वायरिंगची कामं करतो, २३ वर्षं झाली. आमच्याकडे अजूनही घरं बरीचशी कौलारू. पूर्वी न्हाणी मागल्या दारी असायची, वर नुसती कौलं. वाफ कौलांच्या फटींतून निघून जायची, पंख्याचं नाव कुणी काढत नव्हतं. आता पडवीचा एक तुकडा भिंत घालून वेगळा काढतात आणि तिथे बाथरूम करतात. कौलांतून धूळ पडते, पाल पडते, म्हणून खाली पीव्हीसीच्या पट्ट्यांचं सीलिंग मारतात. दिसायला छान दिसतं. पण सीलिंग लागलं त्या दिवशी वाफेच्या सगळ्या वाटा बंद होतात, हे कुणाच्या ध्यानात येत नाही. दोन पावसाळे गेले की काळे डाग, कुबट वास आणि मग मला फोन.

स्लॅबच्या बाथरूममध्ये पंखा हातभर इकडेतिकडे झाला तरी निभावून जातं. उतरत्या छताखाली निभावत नाही. दमट हवा मुळात कोरड्या हवेपेक्षा हलकी, त्यात आंघोळीची म्हणजे गरम. ती सरळ वर जाते, छताला लागते आणि छताच्या पोटाला धरून चढणीकडे सरकते. सगळ्यात उंच कोपऱ्यात जाऊन साठते आणि तिथून खाली भरत येते. पंखा त्या साठ्याच्या खाली बसवलात तर तो खालची हवा ओढत राहील आणि वरची वाफ वरच कोंडून राहील. पंखा फिरताना दिसतो, आवाज येतो, हाताला वारा लागतो, त्यामुळे संशयही येत नाही.

हे मी बहिणीच्या घरी शिकलो, १४ वर्षांपूर्वी. पडवीतलं बाथरूम. बाहेरच्या भिंतीकडे छत साडेसहा फुटांवर, माजघराच्या भिंतीकडे ११ फुटांवर. बाहेरच्या भिंतीत काचेच्या पट्ट्यांचा व्हेंटिलेटर आधीपासून होता. मी दोन काचा काढल्या, तिथे प्लायचा तुकडा मारून ६ इंची पंखा बसवला. तासाभरात काम झालं. दुसऱ्या पावसाळ्यात बहिणीचा फोन आला, वरच्या कडेला सीलिंग काळं पडलंय. पट्टी खोलून पाहिली तर दोन वाशांची टोकं ओली, त्यांच्यावर पांढरी बुरशी. रिपेवर, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्टीवर, स्क्रूड्रायव्हर टेकवला, तो पिकल्या केळ्यात जावा तसा आत गेला. चार रिपा आणि अर्धा वासा बदलावा लागला. बहीण एका शब्दाने बोलली नाही, चहा ठेवला. पण तेव्हापासून तयार भोक दिसलं म्हणून मी तिथे पंखा बसवत नाही.

तर धुपाची परीक्षा अशी करायची. खिडकी बंद, दार बंद, सीलिंगचा पंखा असेल तर तोही बंद. जिथे आंघोळ करतात तिथे दोन बादल्या कढत पाणी भुईवर ओता, किंवा शॉवर असेल तर पाच मिनिटं गरम पाणी सोडा. त्याच जागी एका वाटीत धूप पेटवून ठेवा. गरम हवा वर जाताना धूर बरोबर घेऊन जाते. तुम्ही दाराशी उभे राहा आणि विजेरीचा झोत छताला समांतर, आडवा मारा, म्हणजे धूर उठून दिसतो. तो छतापर्यंत कुठे चढतो, चढणीवर कुठून सरकतो आणि कुठे घुटमळतो ते पाहा. जिथे तो सर्वांत आधी दाट होतो, तिथे भिंतीवर पेन्सिलीने फुली मारा. पंखा त्या फुलीच्या जितका जवळ जमेल तितका जवळ बसवायचा.

एक गोष्ट या परीक्षेतच कळते, नुसती मापं घेऊन कळत नाही. कधीकधी छताच्या मध्येच आडवी तुळई किंवा लोखंडी चॅनल खाली आलेला असतो. धूर चढत चढत तिथे पोचतो आणि अडतो. तुळईच्या अलीकडचा कप्पा गळ्यापर्यंत भरल्यावरच तो खालून पलीकडे जातो. अशा बाथरूममध्ये सगळ्यात उंच जागा पलीकडे असली तरी पंखा शॉवरच्या कप्प्यातच हवा. तसं जमत नसेल तर सीलिंग तुळईच्या खालून सलग घ्या, म्हणजे कप्पेच राहणार नाहीत.

आता खरी अडचण. पडवी एकपाखी असते, म्हणजे छताचा उतार एकाच बाजूला. तिची सगळ्यात उंच भिंत म्हणजे माजघराचीच भिंत. वाफ तिथे साठते, पण तिथून बाहेर फेकायची कुठे, माजघरात? असं केलेलं मी पाहिलंय. माजघरातल्या कपाटात साड्यांना बुरशी आली होती. म्हणून अशा ठिकाणी पंखा आडव्या बाजूच्या भिंतीत घ्यायचा. ही भिंत वरून तिरकी असते, बाहेरच्या टोकाला बुटकी आणि माजघराच्या टोकाला उंच. तिच्या उंच टोकाला, माजघराच्या भिंतीपासून ६ ते ८ इंच सोडून आणि चौकटीची वरची कड छतापासून ४ ते ६ इंच खाली राहील अशी जागा धरा. अगदी कोपऱ्यात घुसवू नका. कोपऱ्यात हवा आळसावते, पंख्याला चारी बाजूंनी ओढायला जागा मिळत नाही, आणि उद्या साफ करायला तुमचा हातही शिरत नाही. दोन्ही बाजूच्या भिंती बाहेर उघडत असतील तर दारापासून लांबची निवडा.

दुपाखी छत असेल आणि बाथरूम घराच्या टोकाला असेल तर काम सोपं. टोकाच्या त्रिकोणी भिंतीत आढ्याखाली पंखा. तिथे भीती एकच, त्रिकोण वर निमुळता होतो. उतार ३० अंशांच्या आसपास असेल तर आढ्यापासून एक फूट खाली आल्यावर भिंतीला सुमारे साडेतीन फूट रुंदी मिळते, ६ इंची पंख्याला ती मुबलक आहे. उतार किती अंश हे मोजत बसू नका. ओळंबा सोडून एक फुटावर खूण करा आणि तिथे टेप आडवी धरा.

पंखा तिरक्या छतालाच लावला तर? हा प्रश्न नेहमी येतो. साध्या भिंतीच्या पंख्याच्या बाबतीत माझं उत्तर 'नको' असंच आहे. या पंख्यांच्या मागे पातळ प्लास्टिकच्या झडपा असतात. पंखा चालू झाला की हवेने उचलल्या जातात, बंद झाला की स्वतःच्या वजनाने पडतात. पडायला त्या उभ्या लोंबत्या हव्यात. छताच्या उतारावर लावल्या तर काही अर्धवट उघड्या राहतात, काही मिटतच नाहीत. शिवाय बऱ्याच स्वस्त पंख्यांत मोटरचा दांडा बेअरिंगऐवजी बुशमध्ये, म्हणजे साध्या धातूच्या नळीत फिरतो, आणि ते बुश आडव्या दांड्यासाठी केलेलं असतं. दांडा तिरका किंवा उभा झाला की भार एका अंगाला येतो आणि वर्षभरात घरघर सुरू होते. छताला लावायचाच असेल तर बॉल बेअरिंगचा आणि छतासाठी चालतो असं पत्रकावर लिहिलेला पंखा घ्या.

याच कारणाने, तिरक्या भिंतीत बसवतानाही चौकट लेव्हलमध्येच हवी. एका घरी ठेकेदाराने छताच्या रेषेला शोभावी म्हणून चौकट तिरपी बसवली होती. झडपांचे दांडे तिरके, सगळ्या एका कडेला सरकलेल्या. आषाढात त्यातून पाणी आत आलं, पाली तर रोजच. मी काही नवीन आणलं नाही, तोच पंखा काढून लेव्हल लावून सरळ बसवला.

होमस्टेवाल्यांची अडचण वेगळी. पडवीत तीन बाथरूम ओळीने, मधल्याला बाजूची एकही भिंत बाहेरची नाही. तिथे पाइप घ्यावा लागतो. वाफ साठते त्या उंच जागी सीलिंगमध्ये जाळी बसवायची, आणि तिथून ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सीलिंगच्या वरून, वाशांना समांतर, उतरत उतरत बाहेरच्या भिंतीपर्यंत न्यायचा. एकपाखी छताचा इथे फायदा होतो. पाइपाला आपसूक बाहेरच्या बाजूला उतार मिळतो, त्यामुळे आत जमलेलं पाणी बाहेर ठिबकतं, खोलीत परत येत नाही. पंखा मात्र साधा नको. पात्यांचा भिंतीतला पंखा आठ-दहा फूट पाइपात हवा ढकलू शकत नाही, नुसता गरगरतो. पाइपातच बसणारा इनलाइन पंखा घ्या. वळण लागलंच तर एका काटकोनी एल्बोऐवजी दोन ४५ अंशांचे एल्बो लावा. आणि घड्यांचा, वाकणारा पाइप टाळा. तो दोन आधारांमध्ये झोळीसारखा लोंबतो, झोळीत पाणी साठतं आणि पंख्याचा दम तिथेच जातो.

"वर मोकळंच आहे की, पाइप सीलिंगच्या वरच सोड, जाईल कौलांतून." हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलंय. कृपा करून असं करू नका. बहिणीच्या घरी चुकून साठलेल्या वाफेने वासे कुजले, इथे तर तुम्ही मोटर लावून ती वाफ लाकडावर फेकताय. कौल कापून पाइप वर काढणंही मला पटत नाही. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे छताला आपल्या हाताने नवीन भोक कशाला?

पंखा किती मोठा, याचा हिशोब उतरत्या छतात लोक चुकतात, कारण उंची कुठली धरायची ते कळत नाही. दोन्ही टोकांची सरासरी धरा. बहिणीचं बाथरूम ६ फूट बाय ८ फूट. साडेसहा आणि ११ यांची सरासरी पावणेनऊ. ६ गुणिले ८ गुणिले पावणेनऊ म्हणजे ४२० घनफूट. तासाला १० वेळा हवा बदलायची असं मी धरतो, म्हणजे ४,२०० घनफूट, मिनिटाला ७०. बॉक्सवर घनमीटरमध्ये लिहिलेलं असेल तर तासाला सुमारे ११९. पण बॉक्सवरचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. झडपा, जाळी, बाहेरचं टोपण हे सगळं त्यातून खातं. म्हणून दीडपट धरा, १८० च्या आसपास. ६ इंची पंखा इथे पुरतो, ४ इंची नाही.

पंखा बाहेर टाकतो तेवढी हवा आत यायला हवी, नाहीतर तो रिकामाच फिरतो. ती दाराखालून यावी. दार आणि भुई यांच्यात पाऊण इंच फट ठेवा. ग्रॅनाइटचा उंबरठा उंच असेल आणि दार त्यावर घट्ट बसत असेल तर दाराच्या खालच्या भागात जाळी बसवून घ्या. पंखा चालू असताना खिडकी बंद ठेवायची, हे लोकांना उलटं वाटतं. पंख्याशेजारची खिडकी उघडी असली की पंखा तिच्यातूनच हवा ओढतो आणि बाहेर टाकतो. हवा दोन हातांच्या अंतरात फेऱ्या मारते आणि शॉवरवरची वाफ जागची हलत नाही. खात्री हवी असेल तर पुन्हा धूप पेटवून दोन्ही प्रकारे बघा.

इथे थांबून एक गोष्ट कळकळीने सांगतो. बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर मी पंखा बसवत नाही. आधी गीझर बाहेर मोकळ्यावर काढा, मग मला बोलवा. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि बंद बाथरूममध्ये त्याने माणसं गेली आहेत. पंखा आहे म्हणजे धोका टळला असं अजिबात समजू नका. हवा यायला वाट नसेल तर तोच पंखा जळलेला वायू परत खोलीत ओढून घेतो. मागल्या दारी लाकडाचा बंब पेटवत असाल तर तोही पाहा. दाराच्या फटीतून येणारी हवा बंबाजवळून येत असेल तर आंघोळ करणाऱ्याच्या नाकात धूर जाईल.

विजेचं काम लायसन्स असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या. जागा ठरवताना मात्र एक माप तुम्हालाही माहीत असू दे, २.२५ मीटर, म्हणजे साडेसात फुटांना थोडं कमी. आंघोळीच्या जागेवर या उंचीच्या खाली ओल्या हाताचा आणि पाण्याच्या फवाऱ्याचा टापू समजतात. उतरत्या छताची बुटकी बाजू नेमकी या टापूत येते, म्हणून पंखा वर नेण्याला हे दुसरं कारण. त्या टापूत बसवण्यावाचून इलाज नसेल तर किमान आयपीएक्स ४ लिहिलेला, म्हणजे पाण्याचे शिंतोडे सोसणारा पंखा हवा. अर्थिंग, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि बटण बाथरूमच्या बाहेर, या तीन गोष्टींवर मी तडजोड करत नाही.

भोक पाडणं जांभ्यात कठीण नाही, कोअर कटर लोण्यासारखा जातो. गवंडी छिन्नीने पाडणार असेल तर बाहेरच्या बाजूने हलक्या हाताने घ्यायला सांगा, नाहीतर चिऱ्याचा ढलपा निघतो. नऊ इंची चिरा आणि दोन्हीकडचा गिलावा धरून भिंत दहा-साडेदहा इंच भरते. भोकात तेवढ्या लांबीचा १६० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घाला, बाहेरच्या तोंडाला अर्धा इंच उतार देऊन. नुसतं भोक ठेवू नका. जांभा पाणी पितो, सगळी वाफ भिंतीत मुरेल आणि रंग पोपडे धरून सुटेल. पाइपाच्या भोवती सिमेंट भरा, बाहेरून सिलिकॉन फिरवा.

बाहेर तोंड खाली असलेलं टोपण लावा. आमच्याकडे पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, सरळ भिंतीवर सपकारे मारतो. निवडायला वाव असेल तर पूर्वेची किंवा उत्तरेची भिंत घ्या. टोपण वळचणीला अगदी चिकटवू नका, निदान फूटभर खाली ठेवा, नाहीतर बाहेर टाकलेली वाफ वळचणीत कोंडून वाशांची टोकं ओली करते. डासांची बारीक जाळी लावू नका, धूळ आणि तंतू बसून ती महिन्या-दोन महिन्यांत बुजते. पाव इंची जाळी पुरे. ती लावायचीच मात्र, कारण कुंभारीण माशी अशी भोकं शोधतच असते. एका घरी पंखा फिरत नाही म्हणून गेलो तर पात्यांच्या मागे तिने मातीची सात घरटी बांधली होती. समुद्राच्या जवळ असाल तर स्क्रू स्टेनलेसचेच घ्या.

माझा भाचा इंग्लंडमध्ये असतो. त्यांच्या माळ्यावरच्या बाथरूमला असंच तिरकं छत, तिथलं काम चालू असताना त्याने व्हिडिओ कॉल केला. तिकडे बाथरूमच्या पंख्याला सेकंदाला १५ लिटरचा नियम आहे, म्हणजे तासाला ५४ घनमीटर. जागेचं गणित तेच, उंच टोकाला पंखा आणि दाराखाली फट. फरक थंडीचा. तिकडे पाइप थंडगार माळ्यातून जातो, वाफेचं पाइपातच पाणी होतं आणि पंख्यातून डोक्यावर ठिबकतं. त्यामुळे पाइपाला इन्सुलेशन गुंडाळायला मी त्याला सांगितलं, आणि पाणी बाहेर वाहील असा उतार ठेवायला. इन्सुलेशन सोडलं तर बाकी सगळं मी त्याला बहिणीच्या घरातल्या अनुभवावरून सांगितलं.

काम झालं की पंख्यावर टिश्यू पेपर धरून समाधान मानू नका. पेपर बहिणीच्या घरीही चिकटला होता. पुन्हा कढत पाणी, पुन्हा धूप, आणि आता पंखा चालू. उंच कोपऱ्यातला धूर पाच-सात मिनिटांत विरळ व्हायला हवा. तो तिथेच घुटमळत असेल तर दाराची फट तपासा, मग खिडकी, मग तुळई. रोजच्या वापरात आंघोळीनंतर १५ ते २० मिनिटं पंखा चालू राहू द्या. घरातली माणसं विसरत असतील तर टायमरचं बटण बसवून घ्या. पंखा तीस-चाळीस वॅट खातो, बिलाची काळजी नको.

साफसफाई मिरगाच्या आधी एकदा आणि दसऱ्याला एकदा. बटण बंद करून एमसीबीही पाडा. पुढची जाळी काढा, पाती आणि झडपा साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, मोटरवर पाणी मारू नका. प्रत्येक झडप बोटाने उचलून सोडून बघा. टक्‌ करून पडली पाहिजे. बहिणीच्या घरी पंखा आता बाजूच्या भिंतीत आहे, माजघराच्या टोकाला, छतापासून पाच इंचांवर, आणि मिरगाआधीची सफाई भाची स्वतः स्टुलावर चढून करते.